शेवटच्या सायकलीमागची झाडूगाडी

मित्रांनो, सूर्य, चंद्र आणि मी, या तिघांपैकी एक जरी आला नाही तरी आमच्या गावची सायकल शर्यत होऊच शकत नाही. चंद्राचं खरं म्हणजे त्यात काही काम नसतं, शर्यत दिवसाची असते. सूर्यही दोनदा दिवसभर ढगाआड बसून राहिला, तरी झाली. राहता राहिले मी. मी एक जुनी झाडूगाडी आहे.

गैरसमज नको. मी रस्ते झाडत नाही. शर्यतीत सगळ्यांत शेवटी जो सायकलस्वार असतो, त्याच्या मागे मी चालते आणि ज्यांच्याने पुढे जाववत नाही त्यांना गोळा करून आणते. खूण म्हणून माझ्या कपाळावर केरसुणी बांधलेली असते. जन्माने मात्र मी पावाची गाडी. माझ्या पोटात अजून खरपूस वास येतो म्हणे. हरलेल्या माणसाला त्याने भूक लागते आणि भूक लागली की दुःख मागे पडतं.

शर्यत माझ्याहून वयाने मोठी. टपालवाला आणि दूधवाला यांची एकदा पैज लागली: नदीच्या पुलापासून डोंगरावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत आधी कोण पोचतो? तेव्हाच्या सायकली कपाटासारख्या जड. दूधवाला जिंकला, दूध हरलं. पुढच्या वर्षी निम्मा गाव उतरला. त्यातला एक शिंपी परत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी तो झाडाखाली झोपलेला सापडला. उठवल्यावर त्याने डोळे चोळत विचारलं, "कितवा आलो?" या प्रश्नाला उत्तर म्हणून शर्यतीच्या समितीने मला कामावर घेतलं.

तेव्हापासून दरवर्षी एक दिवस मी जगले. शिट्टी वाजते आणि शेकडो चाकं एकदम फिरू लागतात, तेव्हा अख्खं शेत चिमण्यांसकट उडाल्यासारखा आवाज होतो. इतक्या वर्षांत तो मला जुना झाला नाही. लोकांचा ऊर भरून येतो, माझा रेडिएटर. मग सगळे वळणाआड जातात, आणि त्या लांबच लांब रस्त्यावर दोघंच उरतो: शेवटचा आणि मी. त्याला ना टाळ्या, ना फुलं. तरी तो जात असतो. का, ते मला कधी कळलं नाही. त्याच्या घामाचे थेंब डांबरावर पडत जातात आणि त्यांच्यावरून जाताना मी चाकं जपून टाकते.

एका वर्षी चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी एक बाई शर्यतीला उभी राहिली. तोवर बायकांनी कडेला उभं राहून पाणी द्यायचं, अशी वाटणी होती. समितीत रण माजलं. शेवटी सचिव म्हणाले, "ठीक आहे. वर पोचली तर पुढच्या वर्षीपासून सगळ्या बायकांना मुभा. झाडूगाडीने हिला ओलांडलं, तर विषय कायमचा बंद."

मला चालवणारे ड्रायव्हर सगळ्या गावाचे मामा. तिचे मात्र सख्खे. म्हणून सचिव स्वतः शेजारी येऊन बसले.

"मामा, भाचीचे लाड नकोत हं."

"साहेब, तिला सायकल मी शिकवली. त्यात तिचे दोन दात गेले. माझ्याकडून लाडाची अपेक्षा तीसुद्धा ठेवत नाही."

चढाच्या पायथ्याशी तिचं मागचं चाक पंक्चर झालं. थांबलेल्याला ओलांडायचं नाही, एवढी माणुसकी नियमात होती. ती रस्त्यातच बसून ठिगळ लावू लागली. मामांनी स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, न जाणो हात मदतीला गेले तर! एव्हाना माझं पोट दमलेल्या पुरुषांनी आणि टप त्यांच्या सायकलींनी गच्च भरला होता.

"ओ चष्मेवाली!" आतून नळदुरुस्तीवाला ओरडला. "या की आत. सरकून बसतो."

"तुम्हीच बसा, भाऊ," ती वर न बघता म्हणाली. "दमला असाल."

ती निघाली. चढ सुरू झाला. उशीर झाला होता, वर रस्ता खुला होण्याची वाट बघत बसगाड्या खोळंबल्या होत्या.

सचिव म्हणाले, "मामा, आता ओलांडा."

मामांचा चेहरा पडला. पण नियम तो नियम. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मी जीव खाऊन ओरडले. माझं नाक तिच्या मागच्या चाकापाशी आलं, आणि तिथेच राहिलं. शर्यत सोडून बसलेली सगळी माणसं माझ्या पोटात होती, आणि त्यांना घेऊन मला तिला ओलांडता येईना! ती उभी राहून पायडल मारत होती. प्रत्येक फेऱ्याला वाटे, हा शेवटचा. मग आणखी एक होई. मी डोंगर पाहिले आहेत, मित्रांनो, पण डोंगराला मागे सरकताना त्या दिवशी पाहिलं.

आतली थट्टा केव्हाच थांबली होती.

"उतरा सगळे!" सचिव मागे वळून ओरडले. "गाडी हलकी करा!"

कुणी हललं नाही. नळदुरुस्तीवाला घसा खाकरून म्हणाला, "साहेब, गाडीत चढलेल्याने वर पोचेपर्यंत उतरू नये, असा नियम आहे."

"कुणी केला हा गाढव नियम?"

"तुम्हीच."

खरं होतं. पूर्वी एक फोटोवाला निम्मा चढ माझ्यात घोरत आला होता आणि वळणावर हळूच उतरून, ताजातवाना, सातवा आला होता. तेव्हापासून तो नियम.

टाकीपाशी तिने रेषा ओलांडली. मागोमाग मी, वाफ सोडत. सचिव खाली उतरले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बायकांसाठी वेगळे बिल्ले छापावे लागतील." मामा माझं बॉनेट उघडून इंजिनाकडे बघत उभे होते. इंजिनात बघण्यासारखं काही नव्हतं.

आता माझ्या जागी नवी गाडी आहे. मला रंग देऊन त्या रेषेशेजारीच कायमचं उभं केलंय. दरवर्षी मुली, बाया, आज्यासुद्धा धापा टाकत माझ्यासमोरून जातात, आणि माझा रिकामा रेडिएटर उगाच भरून येतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंचा मान राखा वगैरे मी सांगणार नाही. एवढंच करा. शर्यत बघायला आलात आणि टेकायला दगड हवा असला, तर माझ्या मागच्या चाकाखालचा सोडून दुसरा घ्या. माझा हँडब्रेक लागत नाही.