शेवटची जादा थाप

मी ड्रम शिकवतो. वीस वर्षांत दीडशे पोरांचे हात तालावर आणले, आणि माझीच लेक गेल्या महिन्यात काठ्या टेबलावर ठेवून क्लासमधून उठून गेली. तिचा ठेका एकदा चुकला आणि मी सगळ्यांसमोर ओरडलो, एवढंच कारण. निदान मला ते एवढंच वाटत होतं.

परत ये म्हणून चार वेळा विनवून झालं. शेवटी तिने टीव्हीकडे बोट दाखवलं. पडद्यावर एक पिवळा चौकोन आपणहून पळत होता. गाण्याच्या ठेक्यावर बटण दाबलं, की तो उडी मारून काटे ओलांडायचा.

"ही पहिली लेव्हल पार कर. मग येते मी क्लासला."

"ठेक्यावर उडी मारायची? हे तू मला सांगतेस?" मी बाह्या सरसावल्या.

आता, ड्रमवाला चार आकडे मोजल्याशिवाय सुरुवात करत नाही. मी "एक, दोन, तीन" म्हणेपर्यंत चौकोन काट्यावर आपटून फुटलेला असायचा. अकरा वेळा मोजलं, अकरा वेळा फुटला.

"बटण अडकतंय," मी म्हणालो.

"नाचता येईना, अंगण वाकडं," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

मोजणं सोडलं, तरी चाळिसाव्या खेपेपर्यंत अर्ध्यावरही पोचलो नव्हतो. लेकीकडे बघायची हिंमत होईना. तिच्या जागी मी असतो तर काय काय बोललो असतो, ते मला तोंडपाठ होतं. ती एवढंच म्हणाली, "हरकत नाही. परत." आणि माझ्या गुडघ्यावर बोटाने ठेका धरून बसली. मला मनापासून शरम वाटली. इतक्या वर्षांत मी कुणालाच "हरकत नाही" म्हटलं नव्हतं.

त्र्याहत्तराव्या खेपेला मी सत्त्याण्णव टक्क्यांवर पोचलो. शेवटचा काटा मागे पडला, पुढे सगळी मोकळी जमीन. नुसतं गप्प बसायचं होतं. पण आनंदाच्या भरात, गाणं संपताना वाजवतात तशी एक जादा थाप मी बटणावर मारलीच. चौकोन उडाला आणि छताच्या काट्यांत घुसला. जित्याची खोड, दुसरं काय. लेक हसत हसत सोफ्यावरून खाली घसरली.

"पैज हरलास, बाबा," ती डोळे पुसत म्हणाली. "पण शनिवारी येऊन बघते. एकदाच."

शनिवारी ती आली आणि पाचव्या मिनिटाला चुकली. सगळा क्लास थांबून माझ्याकडे बघायला लागला. माझं तोंड उघडलंच होतं, ते मी कसंबसं मिटलं. त्र्याहत्तर खेपांत एवढे कष्ट पडले नव्हते. लेकीने पहिल्यापासून सुरुवात केली आणि नेमकी तिथेच पुन्हा चुकली. मी पुन्हा तोंड मिटलं.