माझ्या डीच्या पातीवर कानस फिरली

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, आणि रागावलेली आहे. पनवेलच्या एका संगीतवर्गात मी तीस वर्षं वाजले. सागवानी अंग, पितळी पात्या आणि भरपूर हवा धरणारा भाता. पाहुणे आले की कमलाकर सर माझ्यावर हात ठेवून म्हणायचे, "हिचा सूर कधी हलत नाही."

२०११ साली वार्षिक कार्यक्रमासाठी त्यांनी व्हायोलिनची एक छापील धून निवडली. वाजवणार होती रोडपालीची किशोरी. तिचे वडील खाडीत मासे धरत. साथीला सर आणि मी.

सरांनी कागदाच्या सुरुवातीला शार्पची, म्हणजे सूर अर्धा चढवायची, एकच खूण पाहिली. "एक शार्प म्हणजे जी मेजर स्केल," ते म्हणाले आणि कागद बाजूला ठेवला.

किशोरी वाजवू लागली. मधेच तिचा डी शार्प आला आणि त्याच वेळी सरांनी माझा साधा डी दाबला. दोन सूर एकमेकांना करकचून घासले.

"बोट चुकतंय तुझं."

"नाय सर, छापलंय तसंच वाजवते."

"नाय काय? नाही म्हण. मग ती छपाईची चूक आहे."

पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. आधी तिचं बोट, मग छपाई आणि शेवटी मी. "पेटीचा डी उतरलाय," सरांनी जाहीर केलं. उलट बोलते म्हणून किशोरीचं नाव कार्यक्रमातून काढलं आणि पेटी दुरुस्त करणाऱ्या उदयसिंहांना बोलावलं.

उदयसिंहांनी पात्या एकेक करून ऐकल्या. "सर, सूर जागेवर आहे."

"मी सांगतो ना. चढवा."

त्यांनी मान खाली घालून माझ्या पातीच्या टोकावर कानस फिरवली. मला ओरडता येत नव्हतं. माझा डी कायमचा बिघडला.

दुसऱ्या दिवशी किशोरी वर्गात आली आणि सर्वांसमोर कागद उघडून बसली. "एका शार्पची दोन स्केलं असतात, सर. जी मेजर, नायतर ई मायनर. धून संपते ई वर. आणि हा डी शार्प चारदा येतो, चारही वेळा लगेच ई वर जातो. चूक एवढ्या वेळा छापत नाय."

तिने माझ्यावर ई, जी, बी एकत्र दाबले. मग मैत्रिणीला माझा भाता मारायला सांगून, कुठे काय दाबायचं ते दाखवून, तिने व्हायोलिन उचललं. धून पहिल्यांदा नीट आपल्या घरी, ई वर, पोहोचली.

"ठीक आहे. ई मायनर घेऊ," सर म्हणाले. जणू त्यांनाच सुचलं होतं.

किशोरीचं नाव परत लागलं. ती मात्र हलली नाही. "सर, पेटी बेसूर नव्हती. तेवढं सांगा."

"जुनी झालीय ती."

कार्यक्रमात किशोरीला टाळ्या मिळाल्या. साथीला नवा कीबोर्ड होता. मला जिन्याखाली ठेवलं, अजून तिथेच आहे. ती येते, धूळ पुसते, डी सोडून बाकीचे सूर वाजवते. तिच्यावर माझा राग नाही.

मित्रांनो, मला तुमची दया नको. कागद शेवटच्या सुरापर्यंत वाचा. कोणाला बेसूर ठरवायचं, ते त्यानंतर.