इमाम जामिनची गाठ

"अमरीन, सासूचा हात बघ गं. लई सुजलाय," शेजारच्या ठमाबाई म्हणाल्या, तेव्हा मी माझ्या तान्ह्या मनालला खिमट भरवत होते. "उन्हाळा आहे हो मावशी," म्हणून मी सोडून दिलं. माझं सगळं लक्ष वर, आभाळात. माझा नवरा शाहनवाज हवाई दलात आहे आणि सध्या यानातून पृथ्वीभोवती फिरतोय. सोबत आणखी माणसं, लष्कराची उपकरणं आणि काही प्रयोग. कसले, ते मला सांगितलेलं नाही. उतरणार कधी, तेही नाही.

आमच्यात प्रवासाला निघालेल्याच्या दंडावर कापडात नाणं गुंडाळून बांधतात. त्याला इमाम जामिन म्हणतात. माणूस सुखरूप पोचला की गाठ सोडायची आणि नाणं गरिबाला द्यायचं. शाहनवाजसाठी अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हिरव्या रेशमाचा शिवला होता, पण यानात असलं काही नेऊ देत नाहीत. मग त्याच्या वतीनं त्यांनी तो स्वतःच्याच दंडावर बांधून घेतला.

वर गेल्यावर एकदाच त्याच्याशी बोलायला मिळालं, तेही कोणीतरी साहेब ऐकत असताना. अम्मींनी एवढंच विचारलं, "बेटा, पोचला का रे?"

"अम्मी, इथं पोचणं नसतं. फिरतच राहायचं."

"कुठंच थांबत न्हाई?"

"नाही ना."

जग पुण्याच्या स्टँडवरूनच, गाडीत बसायच्या आधी, फोन करून 'पोचलो' म्हणतं, आणि आमचा हा खरं बोलणारा! अम्मींनी बाही खाली ओढली. मला हसू आलं होतं.

काल मनालची वाटी त्यांच्या हातून सुटली. बोटं गार पडलेली. बाही वर केली, तर रेशीम दंडात रुतलेलं, खालचा हात जांभळट. मी कात्री आणली.

"हात लावू नको! तो अजून रस्त्यात हाय."

"अम्मी, तो उतरेल तेव्हा त्याला या हातचा शिरखुर्मा लागेल. हात नको का शाबूत?"

अब्बा, म्हणजे माझे सासरे नवाबमियाँ, पेपराआडून म्हणाले, "पोरगं सरकारचं गुपित घेऊन फिरतंय, आणि त्याची आई बाहीतलं."

अम्मी हसल्या, मग रडल्या. डॉक्टरांनीही गाठ सोडा म्हणून रागावून सांगितलं. शेवटी ठरलं: सोडायची नाही, पण सैल बांधायची, दोन बोटं आत जातील इतपत. मीच बांधली. आज सकाळी बघते तर पुन्हा घट्ट!

"सैल बांधली की त्याला सैल धरल्यासारखं वाटतं गं," अम्मी म्हणाल्या. मी गाठ परत ढिली केली आणि तो जांभळा हात बराच वेळ चोळत बसले.

आता तळावरून निरोप आलाय: कुटुंबीयांनी येऊन राहावं. तारीख नाहीच. मी मनालला घेऊन निघतेय. अम्मी म्हणतात, "तो आला तर दार उघडायला कोण पाहिजे," आणि अब्बांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. बाजाराला जुन्नरला आलात, तर अम्मींचं, म्हणजे सायराबानूंचं, घर कोणीही दाखवेल. चहाच्या निमित्तानं जा. "काय न्हाई झालं" म्हणतील, ऐकू नका. उजवी बाही वर करायला लावा आणि गाठीखाली दोन बोटं जातात का, तेवढं बघा.