तिसावा फॉर्म

“चार रोट्या,” मुन्नालाल म्हणाला.

“सहा,” मी तंदूरजवळून सांगितलं. “अन् वरून अर्धी प्लेट भात.”

बाकीचे ड्रायव्हर हसले. आचलने पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. “बाबा, तुमी मधात बोलू नका. त्यायले आठवून सांगू द्या.”

“केवळभाऊ, बिटिया के सामने तो इज्जत रखो,” मुन्नालाल म्हणाला, आणि मग सहा कबूल केल्या.

आचल माझी मुलगी. नागपूरच्या कॉलेजात आहारशास्त्र शिकते, शेवटचं वर्ष. पुढे ती दवाखान्यात बसून कोणत्या रोग्याने काय खावं ते सांगणार. मी कोहमाऱ्याच्या या ढाब्यावर बावीस वर्षांपासून रोट्या लावतो. तिला प्रकल्पासाठी हायवेवर काम करणाऱ्या तीस माणसांचे फॉर्म भरायचे होते. काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय खाल्लं आणि किती खाल्लं, एवढंच विचारायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्म मॅडमसमोर ठेवायचे होते. तीस नसले तर प्रकल्प नाही, आणि प्रकल्प नाही तर उन्हाळ्यात मोठ्या दवाखान्यात शिकायला जाणंही नाही. तिची बस पाचची होती.

मी दाढी करून नवा शर्ट घातला होता. तंदूरपुढे नवा शर्ट कोणी घालत नाही, मालक दोनदा हसला. पण मला राहवत नव्हतं. गाडी थांबली की मी आधी जाऊन सांगायचो, माझी पोरगी आहे, तिला खरं सांगा. तिने टेबलावर लहान, मधली आणि मोठी अशा तीन वाट्या मांडल्या होत्या. डाळ कोणत्या वाटीएवढी खाल्ली ते बोट ठेवून दाखवायचं. एकाने विचारलं, दारूपण सांगू का? ती म्हणाली, सांगा. आणि लिहून घेतली. समोरच्याने काहीही सांगितलं तरी तोंड वाकडं करायचं नाही, असं मॅडमनी शिकवलं होतं. तिचं ते शांत तोंड बघून मला वाटलं, झाली ही आता दवाखान्यातली मॅडम.

चार वाजता एकोणतीस झाले. मग मात्र गाड्याच थांबेनात. साडेचार झाले. मी रस्त्यावर जाऊन दोन ट्रकांना हात दाखवला, दोन्ही निघून गेले. मलाच लिही म्हटलं, तर घरचा माणूस चालत नाही म्हणाली. मग तिची नजर मागच्या बाजूला गेली. तिथे शामकला भांडी घासत होती. ती नऊ वर्षांपासून या ढाब्यावर आहे, माझ्यापासून दहा पावलांवर.

“मावशी, तुमचा लिहू?”

“माहा कायले? मी का डायवर आहो?”

“तुमी बी हायवेवरच तं काम करता.”

शामकला हात पुसत आली आणि खुर्चीच्या टोकावर बसली. सकाळी चहा घेतला म्हणाली. दुपारी काय खाल्लं, आचलने विचारलं.

“उरलं ते.”

आचलने लिहिलं नाही. “काय उरलं होतं?”

“उरलं ते वं. राहाते ते.”

“काल काय राहिलं होतं, मावशी? या वाटीएवढं का या वाटीएवढं?”

शामकला हसली. थोडा विचार करून तिने सगळ्यात लहान वाटीवर बोट ठेवलं. डाळीचं पाणी. अर्धी रोटी, जळालेली.

जळालेल्या रोट्या मीच बाजूला टाकतो. त्या कुठे जातात ते मी कधी बघितलं नव्हतं.

माझ्या हातातला पिठाचा गोळा हातातच राहिला. माझी बायको रुक्मा जाऊन चौदा महिने झाले. तिच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं. डॉक्टरांनी मला विचारलं होतं, या जेवणात काय खातात? मी म्हणालो, सगळं खाते. रोज माझं ताट वाढल्यावर मी तिला विचारायचो, तू जेवली का? ती म्हणायची, जेवीन ना, उरलं ते. मला ते उत्तर वाटायचं.

तिसावा फॉर्म बसच्या पाच मिनिटं आधी भरून झाला. आचल पळतच बसमध्ये चढली आणि खिडकीतून फॉर्मचा गठ्ठा हलवून दाखवला. मी बस दिसेनाशी होईपर्यंत हात वर ठेवला.

दुसऱ्या दिवशी अकराला तिचा फोन आला. मॅडमनी तिसावा फॉर्म सगळ्या वर्गाला वाचून दाखवला होता. ती दवाखान्यात जाणार, नक्की झालं. ती इतकी भरभर बोलत होती की मला तिला दोनदा थांबवावं लागलं. मी तंदूर सोडून टेबलाटेबलावर सांगत सुटलो. सगळ्यांना चहा माझ्याकडून दिला.

मग परत येऊन तंदूरमधून पहिली रोटी काढली, चांगली फुगलेली. ती ताटात घालून शामकलापुढे ठेवली.

“गाडीवाले राहिले ना अजून,” ती म्हणाली.

“राहू दे. तू जेव.”

ती आमच्याकडे पाठ करून बसली. मी रोट्या लावत होतो आणि मोजत होतो. तीन रोट्या. मोठ्या वाटीने डाळ, दोनदा. कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं असतं.