दाराबाहेर लावायची पाटी

रविवारी सकाळी बैठकीच्या खोलीत धाकटीच्या आयुष्याचा निकाल लागत होता. तिला मात्र आत चहा करायला बसवलं होतं.

निकाल देणारे मामा स्वतः एका नोकरीत कधी धड टिकले नव्हते. पण दुसऱ्यांच्या पोरांना मार्गी लावण्यात त्यांचा हात कोण धरणार? ते म्हणतील ती पूर्व दिशा. आत्या मान डोलवायला होत्या. बाबा नेहमीप्रमाणे दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होते.

"दातांची डॉक्टर करा," मामा म्हणाले. "स्वच्छ काम. स्थळं चालून येतील. थोरलीला केली, तर तिचं लग्न कसं झटक्यात जमलं!"

धाकटी चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मला गुरांची डॉक्टर व्हायचंय."

गेली दोन वर्षं सुट्टीत ती गुरांच्या डॉक्टरीणबाईंबरोबर गोठ्यांतून हिंडत होती. एकदा आडवं आलेलं वासरू ओढून काढताना ती कोपरापर्यंत रक्ताने माखली होती. ते ओलं, थरथरतं पिल्लू उभं राहिलं, तेव्हाच तिचं ठरलं होतं.

"शी!" आत्यांनी नाकाला पदर लावला. "गाईच्या पोटात हात घालणारी सून कुणाच्या घरात खपेल?"

खपेल! बाजारातल्या मालाबद्दल बोलावं तसं त्या बोलल्या आणि बशीत चहा ओतू लागल्या.

माहेरी आलेली थोरली कोपऱ्यात मटार सोलत होती. मामांनी तिला हुकूम सोडला, "तू शिकलेली आहेस. घाल तिची समजूत."

थोरलीने ताट खाली ठेवलं. "घालते. लग्न झाल्यापासून मी फक्त एका माणसाचे दात तपासलेत, मामा. माझ्या मुलाचे. दवाखान्याचं नाव काढलं की सासूबाई म्हणतात, आमच्या घरात काय कमी आहे? पाहुणे आले की मात्र 'आमची सून डॉक्टर' म्हणून हाक मारतात. मी बाहेर येते आणि रिकामे कप उचलून नेते."

"पण सुखात आहेस ना?" मामा फणकारले.

"तुमच्या नाकासाठी पाच वर्षं शिकले. मला ते काम आवडायला लागलं होतं, हे तर कुणी विचारलंच नाही."

बाबा खोकले. आता ते काहीतरी बोलतील, असं धाकटीला वाटलं. त्यांनी मामांकडे पाहिलं आणि चहाचा कप तोंडाला लावला.

"ऐकायचं नसेल तर हिच्या लग्नाचं मी बघणार नाही," मामा गरजले.

"नका बघू," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी गुरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजात गेल्या. प्रवेशाच्या अर्जावर पालकाच्या जागी थोरलीने सही केली. खिडकीतल्या कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं.

"वडील नाहीत का?"

"आहेत," थोरली म्हणाली. "त्यांना अजून घरातून परवानगी मिळालेली नाही."