दोन बोटींचं जस्त

धक्क्यावरची सगळी माणसं त्याला कप्तान म्हणत, पण उभ्या आयुष्यात त्याने कधी सुकाणूला हात लावला नव्हता. चाळीस वर्षं तो इंजिनच्या खोलीत होता, आधी मालवाहू बोटींवर आणि मग जहाजं ओढणाऱ्या टगवर. आता त्रेसष्टाव्या वर्षी तो आपल्या लोखंडी बोटीत एकटा राहत होता, आणि ती बोट आठ वर्षं एकाच जागी बांधलेली होती. तेव्हा कप्तान हे नाव चेष्टेनेच पडलं. चेष्टा करणारे पुढे एकेक करून धक्का सोडून गेले आणि नाव तेवढं मागे राहिलं.

त्याचा संसार म्हणजे एक शेगडी, एक पातेलं आणि दोन कप. दुसरा कप कधी लागत नसे, पण तो रोज दोन्ही विसळायचा. दुपारी रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याशी तो हुज्जत घालायचा. संध्याकाळी तळहाताच्या भेगांना पांढरं मलम चोपडायचा. त्या मलमात जस्ताची भुकटी असते, असं औषधवाल्याने सांगितलं होतं. तेव्हापासून तो म्हणायचा, "बोटीला बाहेरून जस्त, मला वरून जस्त. गंजायची सोयच ठेवली नाही कुणी." पण हे म्हणायचं कुणाला? ऐकणारं माणूस सहा महिन्यांतून एकदाच यायचं, तेही पाण्याखालून.

ती बोटींचे तळ साफ करणारी बाई होती. पुरुष असता तर धक्क्यावरच्यांनी पाणबुड्या म्हटलं असतं, ही बाई म्हणून पाणबुडी झाली. तिनेही ते नाव हसून घेतलं आणि आपल्या गाडीवर रंगवून टाकलं. तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, बोट ढकलणारा पंखा तपासायचा आणि जस्त बदलायचं, हे तिचं काम. खाऱ्या पाण्यात लोखंडी बोट उभी राहिली की पाणी तिला खायला लागतं, म्हणून तळाला जस्ताचे ठोकळे बोल्टने आवळून ठेवतात. जस्त लोखंडाच्या आधी झिजतं, आणि ते झिजतंय तोवर लोखंड शाबूत राहतं. ठोकळा संपत आला की नवा लावायचा. चांगला ठोकळा दीड-दोन वर्षं जातो. कप्तानाचे सहा महिन्यांत संपायचे.

त्या दिवशी सकाळी ती वर आली आणि तिने धक्क्याच्या कडेवर दोन तुकडे ठेवले. लावले तेव्हा ते पाच-पाच किलोचे होते. आता चोखून पातळ झालेल्या गोळीसारखे, मधल्या लोखंडी पट्टीला जेमतेम चिकटलेले.

"भेसळ," कप्तान म्हणाला. "त्या दुकानदाराला मी आता सोडत नाही."

"काका, त्या बिचाऱ्याच्या मागे किती वर्षं लागणार आहात? भेसळ असती तर हे झिजलंच नसतं. वर कवच धरून नुसतं बसून राहिलं असतं. शुद्ध आहे म्हणूनच राबतंय."

"मग पाणी बिघडलंय."

"पाणी सगळ्यांना एकच. पलीकडच्या बोटींचं जस्त दोन-दोन वर्षं जातं. तुमच्याच जस्ताला काय धाड भरलीय, ते आज बघतेच मी."

तिने गाडीतून मीटर आणला. धक्क्यावर दर दोन बोटींमध्ये विजेचा एक खांब होता. कप्तानाच्या खांबावर दोन केबली खोचलेल्या होत्या. एक त्याची, दुसरी शेजारच्या बोटीची. शेजारची बोट हुबेहूब त्याच्या बोटीसारखी होती. तोच आकार, तोच हिरवा रंग, फक्त उन्हाने विटलेला. तिच्यावर कुणी येत नसे. आत झिरपलेलं पाणी बाहेर फेकायला एक पंप होता, तो आपोआप चालू व्हायचा, चार मिनिटं खोकल्यासारखा आवाज करायचा आणि बंद पडायचा. त्या पंपासाठीच तिची केबल लावलेली होती.

पाणबुडीने मीटर लावला, आकडा बघितला, शेजारची केबल उपटली आणि पुन्हा बघितलं. मग तोंडात नळी धरून ती शेजारच्या बोटीखाली गेली. बराच वेळ नुसते बुडबुडे येत राहिले.

"हिच्या तळाला जस्त नाहीच," वर येऊन ती म्हणाली. "नुसते बोल्ट उरलेत. कधीचंच संपलंय. आणि तळ म्हणाल तर गुळगुळीत! गंजाचा ठिपका नाही."

"असं कसं?"

"तुमच्या जिवावर. दोन्ही केबलींची अर्थिंगची वायर ह्या खांबात एक होते. त्यामुळे दोन्ही बोटी एकमेकींना जोडल्या गेल्यात, जणू एकच मोठी बोट. तुमचं जस्त दोन घरं चालवतंय, काका. मग संपणार नाही तर काय?"

कप्तान खांबाकडे बघत राहिला. इतकी वर्षं इंजिनं उघडली आणि घरचीच वायर कळली नाही, याची त्याला लाज वाटली.

"उपाय सोपा आहे," ती म्हणाली. "एक छोटी पेटी मिळते, ती अर्थिंगच्या वायरीत बसवायची. तुमची बोट वेगळी, तिची वेगळी. विजेचा धोका नाही आणि जस्तही वाचेल. गुरुवारी आणते."

"आण. आणि मग हिचं काय होईल?"

"लागेल गंज. आधी सांध्यांवर. दोन-तीन वर्षांत भोकं पडतील. कोणाची आहे ही?"

"कोण जाणे," कप्तान म्हणाला.

ती त्याच्या धाकट्या भावाची होती.

वडिलांनी दोन्ही पोरांसाठी एकाच कारखान्यातून एकसारख्या दोन बोटी घेतल्या होत्या, भांडण नको म्हणून. बोटींवरून भांडण झालंही नाही. आई आजारी पडली तेव्हा कप्तान टगवर होता, किनाऱ्यापासून दोन दिवसांच्या अंतरावर. इंजिन बंद पडलं होतं आणि तो स्वतःच ते खोलून बसला होता. निरोप मिळाला तरी निघता येईना. तो घरी पोहोचला तेव्हा अंत्यविधी उरकून माणसं परतली होती. धाकटा दारातच भेटला. एक दिवस थांबला असतास तर तुझं काय बिघडलं असतं, असं म्हणून कप्तान त्याला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलला. तुला आई लवकर संपवायची होती, असंही त्याच्या तोंडून गेलं. महिनाभरात त्याने बोटीला कुलूप घातलं आणि बायकोला घेऊन लांबच्या शहरात नोकरी धरली. कप्तानाला ते रिकामं घर खायला उठलं. लग्न त्याने केलंच नव्हतं. घर सोडून तो बोटीत राहायला आला.

पाणबुडी गेल्यावर दुपारी तो धाकट्याच्या बोटीवर चढला. आठ वर्षांत पहिल्यांदा. किल्ली कुठे असेल हे त्याला विचारावं लागलं नाही. वडिलांच्या सवयीने दोघेही ती हवेच्या नळकांड्यात आतल्या बाजूला टांगत.

आत कोंदट वास होता. गादीला बुरशी धरलेली. कप उपडा घातलेला, त्याखाली धुळीशिवाय पांढरं वर्तुळ. इंजिनच्या खोलीत भिंतीवर खडूने तेल बदलल्याच्या तारखा लिहिल्या होत्या. धाकट्याचं अक्षर लहानपणापासून मुंग्या चालल्यासारखं, तसंच. कप्तानाने हातोडी घेतली आणि तळाचे पत्रे ठोकून बघितले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळीकडून टणत्कार आला, भद्द आवाज कुठेच नाही. मग तो पायरीवर बसून राहिला. पंप सुरू झाला, खोकला, थांबला. इतके दिवस तो आवाज भिंतीपलीकडून यायचा. आता तो आवाज त्याच्या पायाशी होता.

घरी आल्यावर, म्हणजे आपल्या बोटीवर आल्यावर, त्याने फोन लावला. नंबर पाठ होता.

"हॅलो, कोण?"

"मी."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बारीक केला.

"बोल," धाकटा म्हणाला.

"तुझ्या बोटीचं जस्त संपलंय. वर्षं झाली. नवं लावायला पाहिजे."

"काढून टाकणार आहे ती. एक जण बघून गेलाय, फोटोवर."

"फोटोवर तळ दिसत नाही. घेणारा पाण्याखाली माणूस पाठवील. लावून घेऊ."



"रविवारी येतो," धाकटा म्हणाला. "सकाळच्या बसने."

गुरुवारी पाणबुडी पेटी घेऊन आली तेव्हा कप्तानाने ती ठेवून घेतली, पण बसवू दिली नाही. "रविवारी ये. शेजारच्या बोटीला सहा ठोकळे लावायचेत."

"मालकाला विचारायला नको?"

"मालक माझा भाऊ आहे."

तिने त्याच्याकडे निरखून बघितलं. "परवा तर कोण जाणे होता," ती म्हणाली, आणि कप्तानाचा चेहरा बघून तिने विषय तिथेच सोडला.

रविवारी धाकटा आला. डोक्यावरचे केस गेले होते आणि चालणं वडिलांसारखं झालं होतं. "चहा घेतलास का?" त्याने विचारलं. "बसथांब्यावर घेतला," धाकटा म्हणाला. झालं. दोघेही कामाला लागले.

पाणबुडी पाण्याखाली बोल्ट साफ करत होती. हे दोघे वर डेकवर बसून नव्या ठोकळ्यांच्या मागच्या बाजू तारेच्या ब्रशने घासत होते. जस्त लोखंडाला नीट टेकलं नाही तर ते लावलं काय आणि न लावलं काय. घासलं की खालून निळसर चकाकी यायची. एकेक ठोकळा दोरीला बांधून दोघे मिळून खाली सोडायचे. दोरीला दोन झटके आले की पुढचा.

चौथा ठोकळा खाली गेल्यावर धाकटा दोरीकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी आई सारखी विचारत होती. तू कुठे पोहोचलास म्हणून."

कप्तानाचा ब्रश थांबला.

"डॉक्टर म्हणाले होते, तासाभराचा प्रश्न आहे. मी तिला सांगितलं, दादा आलाय, दारात बूट काढतोय. तिने दाराकडे मान वळवली. तशीच गेली. मी खोटं बोललो तिच्याशी, दादा. मग तू खरंच दारात आलास, आणि..."

दोरीला दोन झटके आले. कुणी हलेना, तेव्हा पाणबुडीने वर येऊन ओरडून विचारलं, "झोपलात काय?"

कप्तानाने पाचवा ठोकळा उचलला. धाकट्याने दोरी त्याच्या हातातून घेतली आणि गाठ मारली.

"मला सांगायचंस," कप्तान म्हणाला.

"तू बोलू दिलंस का?"

"नाही."

एवढंच बोलणं झालं. सहावा ठोकळा बसला, तिघांनी पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली, आणि पहिल्यांदाच तीन माणसं जमल्यामुळे एकाला पेल्यातून चहा प्यावा लागला. कप्तानाने पेला घेतला. चारच्या बसने धाकटा गेला. "पोहोचलास की फोन कर," असं कप्तान खिडकीपाशी म्हणाला, आणि रात्री आठला फोन आला. "पोहोचलो." मग थोड्या वेळाने धाकट्याने म्हटलं, "ठेवू का?"

तीन आठवड्यांनी घेणारा माणूस आला. धाकट्याला रजा मिळाली नाही, म्हणून किल्ल्या कप्तानानेच दिल्या. त्या माणसाने आपला पाणबुड्या उतरवला होता.

"आठ वर्षं उभी होती म्हणता?" तो खुशीत म्हणाला. "तळ तर नव्यासारखा आहे हो!"

"असेल," कप्तान म्हणाला आणि दोऱ्या सोडल्या. बोट मागे सरकत बाहेर पडली, वळली आणि गेली. शेजारी मोकळं पाणी उरलं, त्यात त्याच्याच बोटीची सावली.

संध्याकाळी त्याने फोन केला. धाकट्याच्या बायकोने उचलला.

"ते बाहेर गेलेत, दादा. काही निरोप आहे का?"

"गेली म्हणावं."

"अगं बाई! कोण गेली?"

"बोट गं, बोट!"

दोघेही हसले. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "या ना एकदा इकडे. ते काही बोलणार नाहीत, पण या."

थंडी सुरू झाल्यावर तो गेला. तीन दिवस राहायचं ठरलं होतं. तिथे त्याला एक खोली दिली होती, उशीला नवा अभ्रा होता. भाऊ कामावर गेला की तो घरातले नळ, बिजागऱ्या, मिक्सर दुरुस्त करत बसायचा. जेवताना बोलणं भाजी, हवा, बसचं वेळापत्रक यांवर चालायचं. भिंतीपलीकडे माणसं वावरत होती, भांडी वाजत होती, आणि त्याला काही केल्या झोप लागेना. इतक्या आवाजाची सवय उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारीच तो निघाला. आपल्या बोटीचा पंप बघायला हवा, असं त्याने सांगितलं. पंप ठणठणीत होता, हे त्यालाही माहीत होतं आणि धाकट्यालाही.

धाकटा थांब्यापर्यंत आला. बस यायला अवकाश होता. तो परत जाईल असं कप्तानाला वाटलं, पण तो गेला नाही. हात खिशात घालून बस सुटेपर्यंत उभा राहिला.