मागच्या नळीचं बूच

मित्रांनो, मी मोटारसायकल आहे, जुनी आहे आणि गळकी आहे. पहिल्या दोन गोष्टींत लाज वाटण्यासारखं काही नाही. तिसरीबद्दल मात्र मला तुमच्याशी बोलायचं आहे, कारण तिच्यापायी मी आज भंगाराच्या आवारात एका गंजक्या वॉशिंग मशीनला टेकून उभी आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. शेवटी एका माणसाने माझ्या टाकीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा, हाडं मोडेपर्यंत चाल." मी चालले. माझा पहिला मालक घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचायचा. दोन भावांतला हा थोरला. गल्ल्या, जिने, कुत्री आणि दार न उघडणारी माणसं, हे आम्ही दोघांनी मिळून सोसलं. संध्याकाळी तो मला पुसायचा आणि मगच स्वतःचं तोंड धुवायचा.

माझ्या इंजिनाच्या मागच्या बाजूला, मडगार्डच्या आड, एक काळी रबरी नळी लोंबते. इंजिन चालू असताना पोटात हवा कोंडते, ती या नळीतून बाहेर पडते. तुम्ही धावताना तोंड उघडता ना, अगदी तसंच. हवेबरोबर कधी तेलाचा एखादा थेंबही येतो. थोरल्याने त्या थेंबासाठी खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली नळीच्या टोकाखाली तारेने अडकवली होती. कुणी विचारलं तर हसून म्हणायचा, "म्हातारी खोकते. खोकू दे."

मग थोरल्याला कावीळ झाली आणि तो गेला. घरात त्याची बायको उरली, धाकटा भाऊ उरला, धाकट्याची बायको उरली आणि दारात मी.

धाकटा प्लंबर आहे. खोटं कशाला बोलू, त्याचा हात सोन्याचा आहे. त्याने बसवलेला नळ गळाला असं अजून कुणी म्हटलेलं नाही. गळती दिसली की याला जेवण जात नाही. मी त्याच्या वाट्याला आले त्या दिवशी त्याने वहिनीला शब्द दिला होता, "वहिनी, मी आहे तोवर ही दारातून हलणार नाही." थोरल्याचं त्या बाईकडे उरलं होतं काय? दोन शर्ट, एक फोटो आणि माझा आवाज. रोज सकाळी मला किक बसली की ती खिडकीत येऊन उभी राहायची. आवाज गल्लीच्या टोकाला गेला की मग चहा ठेवायची.

पहिल्याच रविवारी धाकट्याने मला धुतलं आणि त्याला ती बाटली दिसली.

"दादा साधा होता बिचारा," तो म्हणाला. "गळती लपवायला कुणी बाटली बांधतं का? गळती बंद करायची असते." पिशवीतून त्याने एक बूच काढलं, त्यावर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप गुंडाळली, नळीच्या तोंडात ते ठोकून बसवलं आणि वरून क्लिप आवळली. "आता गळून दाखव!"

उंबऱ्यावरून वहिनी म्हणाली, "भाऊजी, ती बाटली तिथे असायची."

"वहिनी, आता गळतीचं तुम्ही मला शिकवणार?"

सगळे हसले. वहिनीही हसली. मग तिने कचऱ्यातून ती बाटली उचलली, धुतली आणि खिडकीत ठेवली.

मित्रांनो, तुमचं तोंड आणि नाक दाबून कुणी तुम्हाला पळायला लावलं तर काय होईल? माझंही तेच झालं. हवा पोटात कोंडली, तेलाला रेटू लागली, आणि जिथे म्हणून जरा कच्चा सांधा सापडला तिथून तेल बाहेर येऊ लागलं. माझ्याखाली काळा डाग पडला. धाकट्याने तिथे पुठ्ठा ठेवला. रोज सकाळी तो पुठ्ठा बघून त्याचं तोंड उतरायचं.

मग त्याने मला डॉक्टरकडे नेलं. हा गॅरेजवाला. स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून ऐकायचा, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे. अंगाने जाड आणि वाकायचा कंटाळा.

"थेंब पडतो तिथूनच गळतंय असं समजू नका, नळवाले," डॉक्टर म्हणाला. "तेल लबाड असतं. वरून निघतं, कडाकडांनी उतरतं आणि खालच्या बोल्टवरून उडी मारतं."

"म्हणजे ओल बैठकीत आणि फुटका पाइप वरच्या मजल्यावर."

"आता कसं बोललात!"

त्यांनी मला रॉकेलने धुतलं, वाळवलं आणि अंगभर टाल्कम पावडर फासली. डबा धाकट्याच्या बायकोचा होता, तीच तो घेऊन आली होती. "अहो, एवढी पावडर मला लग्नातही लावली नव्हती हो," ती म्हणाली. मला एक चक्कर मारून आणलं. इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली पांढऱ्या पावडरीत एक ओली काळी रेघ उमटली होती. "सापडला चोर!" डॉक्टर ओरडला. झाकणाखालचं गॅसकेट, म्हणजे सांधा घट्ट बसवणारी पातळ पट्टी, बदललं. ते खरंच खराब झालं होतं, डॉक्टर चुकला नव्हता. पण त्याला खराब कुणी केलं, हे कुणीच विचारलं नाही.

थोडे दिवस पुठ्ठा कोरडा राहिला. मग गिअरच्या बाजूने तेल आलं. पुन्हा रॉकेल, पुन्हा पावडर, नवं रबरी सील. मग ते दुसऱ्या बाजूने आलं. डॉक्टरने हातातला पाना आपटला.

"एक दार लावलं की हा दुसऱ्या दाराने येतो. आतून कुणीतरी ढकलतंय याला. मागची नळी बघितलीत का?"

"बघितली ना! त्या नळीतून एक टिपूस येत नाही. माझ्या हाताची गॅरंटी."

त्या एका वाक्यावर डॉक्टरने उडी मारायला हवी होती. त्या नळीतून टिपूस येत नाही, हाच तर रोग होता! पण नळी बघायला मडगार्डखाली आडवं पडावं लागतं. डॉक्टरने आपल्या पोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग राहिलंच की. म्हातारी झाली, दुसरं काय." वय झालं म्हटलं की कुणाला वाकावं लागत नाही.

त्या संध्याकाळी वहिनी खिडकीतली बाटली घेऊन अंगणात आली. "भाऊजी, मला यातलं कळत नाही. पण ही तिथे होती तेव्हा खाली काही सांडत नव्हतं. हे म्हणायचे, तिला खोकू दे."

"वहिनी, बाटल्या बांधून गळती थांबली असती तर मी उपाशी मेलो असतो."

"ताई, चहा गार होतोय तुमचा," धाकट्याची बायको म्हणाली.

संपलं. एक बाई दोनदा खरं बोलली, आणि दोन्ही वेळा घराने तिला गप्प केलं. मारून नाही, रागावून नाही, गोड बोलून. ते ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मोटारसायकलला एकच आवाज असतो, आणि तो ऐकून लोक फक्त बाजूला होतात.

नंतर चेनच्या बाजूचं सील गेलं आणि तेल मागच्या चाकावर उडू लागलं. वहिनीचे डोळे तपासायचे होते. ती मागे बसली होती. दवाखान्याच्या वळणावर माझं मागचं चाक साबणावर पाय पडावा तसं सरकलं आणि आम्ही तिघं रस्त्यावर आडवे झालो. वहिनीचं मनगट मोडलं. ते मनगट धरून, रस्त्यात बसल्या बसल्या ती काय म्हणाली, सांगू? "भाऊजी, आधी गाडी उभी करा. तेल सांडतंय तिचं."

दुसऱ्या दिवशी धाकट्याची बायको म्हणाली, "अहो, आज मनगट गेलं, उद्या मान जाईल. काढून टाका." प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन वहिनी म्हणाली, "गाडीचा काय दोष?" धाकट्याने किल्ली उचलली. दिलेला शब्द त्याला आठवत होता, म्हणूनच तो खिडकीकडे बघत नव्हता.

तो मला इथे घेऊन आला. भंगारवाला खडूस, पण कामाचा. "चालू कर. इंजिन बरं असलं तर वेगळं काढून ठेवतो," म्हणाला आणि मी धडधडत असताना सरळ माझ्याखाली आडवा झाला. पोट त्यालाही होतं.

"अरे! हे बूच कुणी मारलं?"

धाकटा माझ्या हँडलवरची धूळ पुसू लागला.

भंगारवाल्याने क्लिप सोडवली आणि बूच उपटलं. फुस्सकन हवा सुटली. कितीतरी दिवसांनी मी श्वास घेतला. "कुठल्या गाढवाने हवेची नळीच बंद केली? तेल सैरावैरा पळणारच. गाडी ठणठणीत आहे, साहेब. दोन सीलं टाका आणि घरी न्या."

घरी न्या! मित्रांनो, मी तेव्हा किती आनंदाने धडधडले असेन, कल्पना करा.

धाकट्याने बूच हातात घेतलं. त्यावर पांढरी टेप होती, त्याच्याच हाताची, एकसारखी, नीटनेटकी गुंडाळलेली. त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला. मला घरी न्यायचं म्हणजे वहिनीसमोर उभं राहून तिच्या प्लास्टरकडे बघत सांगावं लागणार होतं की तुम्ही बरोबर होता. त्याने बूच खिशात टाकलं.

"नको. ठेवा तुम्हीच."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हो, वहिनी... हो, दिली... नाही हो, बघितलं त्याने. इंजिनच खलास झालं होतं म्हणतो. काही होण्यासारखं नव्हतं."

आणि तो पायी निघून गेला. फाटकाशी एकदाही वळून बघितलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही काहीतरी गळत असेल. लगेच बोट लावून ते दाबू नका. ते कुठून येतं, का येतं ते बघा, आणि त्यासाठी वाकावं लागलं तर वाका. उंबऱ्यावरून कुणी हळू आवाजात काही सांगत असेल तर हसू नका. आणि तुमची चूक तुमच्याच खिशात सापडली, तर ती घेऊन घरी जा. मला वाचवायला तेवढं पुरेसं होतं.

उद्या सकाळी इंजिन वेगळं काढून ते मला कापायला घेणार आहेत. माझ्या मागच्या नळीतून आता एकेक थेंब पडतो आहे, जिथून पडायला हवा तिथूनच. खाली बाटली नाही.